बाबांना इथे काय ऐकू येणार?

प्रश्न: माझे बाबा रत्नागिरीजवळच्या गावाहून दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आलेत, काचबिंदूमुळे नजर जवळजवळ गेलीये. गावाला पडवीत बसून कोण आलं, गाय कुठे गेली सगळं नुसतं ऐकून सांगायचे. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसतात आणि म्हणतात, "नुसते हॉर्न आणि मिक्सर, ऐकण्यासारखं काही नाही गं." फार वाईट वाटतं. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, बाबांचे कान तयार आहेत, त्यांना फक्त जागा नवीन आहे. गावातला प्रत्येक आवाज कुणाचा ते त्यांना माहीत होतं, इथल्या आवाजांची ओळख कुणी करून दिलेली नाहीये, आणि ती तुम्ही करून द्या.

पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आत चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसा, १५ मिनिटं काही बोलू नका. उन्हाळ्यात कोकीळ तर ऐकू येईलच, 'कुहू' करतो तो नर, आणि मधूनच घाईघाईत 'किक-किक-किक' असं ओरडते ती त्याची मादी, बऱ्याच जणांना तो वेगळाच पक्षी वाटतो. भर दुपारी एकसारखं टुक-टुक-टुक चालू असेल तर तो तांबट, वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसतो, पण ओरडताना मान फिरवतो म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. बाबांना हाताने दिशा दाखवायला सांगा, त्या दिशेला तुम्ही शोधा, दोघं मिळून सापडेल. खार एकाच लयीत चिर्र-चिर्र करत थांबतच नसेल तर खाली बघा, बहुतेक वेळा मांजर असतं. हे सगळं बाबांना गावाकडचं माहीत असणारच, इथेही तेच आहे एवढंच त्यांना कळायला हवं.

हॉर्न-मिक्सरही सोडू नका हं. गेटची कडी, लिफ्टचं दार, दूधवाल्याची स्कूटर, कुठला आवाज कुणाचा ते तुम्ही सांगत गेलात की आठवडाभरात कोण आलं ते बाबाच तुम्हाला सांगतील.

पाऊस सुरू झाला की तर त्यांना बाल्कनीत बसवाच. पार्किंगचा पत्रा, गाड्यांचे टप, कुंड्या, झाडं, प्रत्येकावर पाऊस वेगळा वाजतो, म्हणजे एरवी गप्प असलेल्या वस्तूही कुठे आहेत ते ऐकू येतं आणि अख्खं कंपाउंड त्यांना उमगेल.

एक मात्र करा, कान एकदा तपासून घ्या. वयानुसार उंच पट्टीचे बारीक आवाज आधी कमी होतात आणि माणसाला ते लवकर कळतही नाही.

आणि पावसाच्या तोंडावर एखाद्या सकाळी त्यांना येऊरच्या जंगलाच्या बाजूला घेऊन जा. पावशा ओरडत असेल, चढत चढत जाणारं 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. तो कोण ते बाबांना सांगावं लागणार नाही.