तीन राजवाडे

"मॅडम, शाळेत सर हिला काही प्रोत्साहनच देत नाहीत. शाळा बदलू की कोचिंग लावू?" इंदूरमधले पालक माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांत हा पहिल्या तिनांत असेल. बहुतेकदा विचारतानाच उत्तर ठरलेलं असतं आणि कोचिंगचा पहिला हप्ता भरूनही झालेला असतो. या आईनंही भरला होता.

मुलगी सातवीत, वय १२. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.) घर मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. पाचवीपर्यंत गणितात बरी होती; आता काहीही विचारा, "मला नाही येत."

पहिल्या भेटीत मी चुकले. परीक्षेची धास्ती असेल असं धरून चालले आणि श्वासाचे व्यायाम सुरू केले. तिनं ते निमूट केले. निघताना मी सहज म्हटलं, "सात आठे?" "छप्पन्न," तिथल्या तिथे. मग तेच इंग्रजीत विचारलं. ती थांबली, ओठ हलले, आणि मग आलं, "फिफ्टी... सिक्स."

पाढे तिला आजोबांनी शिकवलेले, पहाटे फिरायला नेताना, मराठीत. छप्पन्नमध्ये सहा आधी आणि पन्नास नंतर. इंग्रजीत त्याच्या उलट. ही अदलाबदल करायला तिला दोन-तीन सेकंद लागतात. येत सगळं होतं, पण बाहेर पडायला वाट लांबची होती.

"आणि वर्गात काय होतं?"

"सर नाव घेतात. मी तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या बाकावर गेलेले असतात. आता नावही घेत नाहीत." तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. सरांनी नाव घेतलं त्या दिवशी एक रेघ. जुलैत नऊ, ऑगस्टात चार, सप्टेंबर कोरा. असा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला प्रेरणा नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. त्यातही हुशार समजल्या जाणाऱ्यांना जास्त वेळ मिळतो, मागे पडलेल्यांना कमी. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

आईला मी म्हटलं, शाळेत जा, पण 'तुम्ही लक्ष देत नाही' हे वाक्य घरी ठेवून जा. फक्त छप्पन्नची गोष्ट सांगा. दोन दिवसांनी सरांचाच फोन आला. तरुण होते, हिंदी भाषक, वर्गात ५२ मुलं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असं म्हटलं आहे. ते आकडे कागदावर, हे ५२ समोर. दर सोमवारी प्रार्थनेनंतर 'मेहनत करा' असं भाषणही ते देत. मी विचारलं, प्रश्नानंतर किती थांबता? ते हसले. "मॅडम, चुप्पी हो जाए तो लगता है क्लास हाथ से गई."

हे त्यांनी खरं सांगितलं. शांततेला मुलांपेक्षा शिक्षक जास्त घाबरतात. मी सुचवलं, आपल्या इंदूरच्या राजवाड्याचं नाव घेत मनात सेकंद मोजा: एक राजवाडा, दोन राजवाडा, तीन राजवाडा. तोवर कुणाचंही नाव घ्यायचं नाही, पुढच्या बाकावरच्या वर झालेल्या हातांकडे बघायचं नाही. आणि उत्तर आलं की नुसतं 'व्हेरी गुड' नको. 'हे कसं काढलंस?' एवढं विचारा. मुलाला शाबासकीपेक्षा ही विचारपूस पुरते, असा माझा अनुभव आहे. शाबासकी सगळ्यांना सारखीच वाटली जाते, हे मुलांना फार लवकर कळतं.

प्रत्येक ठिकाणी असे सर भेटत नाहीत, हेही सांगायला हवं. मुलाला वर्गात नावं ठेवली जात असतील, 'ढ' म्हणून उभं केलं जात असेल, तर राजवाडे मोजत बसू नका. ६ ते १४ वयाच्या मुलाचा मानसिक छळ याच कायद्याच्या कलम १७ नं मना केला आहे. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या.

कोचिंगचं काय झालं? हप्ता परत मिळाला नाही. मुलगी आठवड्यातून दोन दिवस जाते, मैत्रिणीसाठी. छमाहीला गणितात थोडे वाढले, फार नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांचा निरोप आला. तिचं नाव घेतलं होतं. तीन राजवाडे झाले, ती गप्पच. मागून कुणीतरी हसलं. त्यांनी चौथा मोजला. मग ती बोलली, आणि उत्तर चुकलं. "कसं काढलंस?" त्यांनी विचारलं. ती सांगू लागली आणि अर्ध्यावरच म्हणाली, "सर, रुको, मैं गलत बोली," आणि खडूसाठी हात पुढे केला.