फातिमा : दूध तोडणारी

प्रश्न : माझी नात फातिमा सहावीत शिकते. वर्गात प्रत्येकाने आपल्या नावाचा अर्थ शोधून आणायचा होता. तिला ‘दूध तोडणारी’ असा अर्थ मिळाला, तो वाचल्यावर मुले हसली आणि तेव्हापासून ती खट्टू आहे. आमचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. माझ्या आजीचेही हेच नाव होते. तिला सारे फातमाबी म्हणत. या नावाचा अर्थ खरोखर एवढाच आहे का? शिवाय शेजारच्या ख्रिस्ती बाई सांगतात की फातिमा ही त्यांची माता आहे. ते कसे?
— एक आजोबा, माहीम, मुंबई

उत्तर : नातीने आणलेला अर्थ बरोबर आहे आणि त्यात खाली मान घालण्यासारखे काहीही नाही. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. फ-त-म या धातूचा मूळ अर्थ ‘तोडणे’, आणि त्यावरूनच बाळाचे अंगावरचे दूध तोडणे. आजही अरबीत दूध तोडण्याला ‘फिताम’ आणि दूध तुटलेल्या बाळाला ‘फतीम’ म्हणतात. मराठीनेही याच प्रसंगासाठी नेमके हेच क्रियापद निवडले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे आया दूध तोडताना छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावत. बाळ ओठ लावताच तोंड वाकडे करी, रडून घर डोक्यावर घेई आणि शेवटी मऊ भाताच्या घासावर त्याची समजूत निघे. ज्या काळात कितीतरी लेकरे वर्ष-दोन वर्षांच्या आतच दगावत, त्या काळात मूल दूध तोडण्याच्या वयाला पोहोचणे हीच मोठी गोष्ट होती. कुराणात, सूरह बकरामध्ये, पूर्ण काळ दूध पाजू इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांची मुदत सांगितली आहे. मुलीला फातिमा म्हणणे म्हणजे ती स्वतः मोठी होवो आणि तिची लेकरे जगून वाढोत, असे तिला चिंतणे होय, असे मी मानतो. धार्मिक परंपरेत ‘नरकाच्या आगीपासून तोडलेली’ असाही अर्थ सांगितला जातो.

हे नाव इस्लामपूर्व अरबस्तानातही प्रचारात होते. पैगंबरांचे चुलतभाऊ हजरत अली यांच्या आईचे नावही फातिमाच. मात्र त्याला आजचे स्थान मिळाले ते पैगंबर मुहंमद आणि खदीजा यांच्या कन्येमुळे. मक्केत पैगंबर सजद्यात, म्हणजे नमाजात कपाळ जमिनीला टेकवून, असताना विरोधकांनी त्यांच्या पाठीवर उंटाची आतडी आणून टाकली, तेव्हा लहानगी फातिमा धावत आली आणि तिने ती घाण आपल्या हातांनी दूर केली, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आले आहे. तिला ‘उम्मे अबीहा’, म्हणजे आपल्या वडिलांची आई, असे म्हणतात. लेकीला ‘माझी आई’ म्हणून हाक मारणाऱ्या मराठी बापांना या बिरुदाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ‘जहरा’, म्हणजे तेजस्विनी, हे तिचे दुसरे प्रसिद्ध बिरुद. पुढे तिचा विवाह अलींशी झाला आणि हसन व हुसेन हे तिचे पुत्र. मोहरममध्ये डोंगरीच्या मिरवणुकीत किंवा गावोगावच्या सवाऱ्यांत जो पंजा दिसतो, त्याची पाच बोटे म्हणजे मुहंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन, असे मानतात. इजिप्तमध्ये कैरो शहर वसवणारे फातिमी घराणेही स्वतःला तिचेच वंशज म्हणवत असे.

शेजारच्या बाईंचे म्हणणेही खरे आहे. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचे एक गाव आहे. त्या देशावर एके काळी अरबी भाषिकांचे राज्य होते, त्या काळाची खूण या नावात राहिली आहे. १९१७ साली १३ मे ते १३ ऑक्टोबर या काळात तेथे मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना येशूच्या आईचे, मरियेचे, दर्शन झाले, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. म्हणून त्या रूपातील मरियेला ‘फातिमा माता’ म्हणतात. व्यक्ती वेगळी, नाव मात्र तेच.

नातीला वर्गात सांगण्यासाठी आणखी एक गोष्ट देतो. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे सावित्रीबाई लिहितात. मुलींच्या शिक्षणाच्या कामात त्यांना साथ देणाऱ्या फातिमा शेख त्या याच, असे मानले जाते.

राहिला उच्चार. इराणात ‘फातेमे’, तुर्कस्तानात ‘फात्मा’, पश्चिम आफ्रिकेत ‘फातुमाता’ आणि कोकणात ‘फातमा’ अशी या एकाच नावाची रूपे आहेत, त्यामुळे आपल्या आजीचे नाव चुकीचे नव्हते. नातीच्या जन्मदाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र एकच रूप आहे ना, एवढे आताच तपासून घ्यावे; दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव छापून आल्यानंतर दुरुस्ती करणे फार त्रासाचे होते.