युद्धकाळातील सायबर हल्ले : संस्थाचालकांचे प्रश्न

युद्धाच्या काळात सायबर हल्ल्यांपासून संस्थेचे रक्षण कसे करावे, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रश्न संक्षेपाने दिले असून ते पाठवणाऱ्यांची आणि त्यांच्या संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे पंचवीस माणसांचे हिशेबनिसांचे कार्यालय आहे. लष्कराशी आमचा काडीचाही संबंध नाही. आमच्यासारख्यांच्या वाटेला कोणते राष्ट्र कशाला जाईल?

उत्तर : आपण हिशेबाचे काम करता, म्हणूनच २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये जे घडले ते आपल्याला थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. त्या देशात करविवरणे भरण्यासाठी असंख्य कार्यालये ‘एम.ई.डॉक’ नावाचे सॉफ्टवेअर वापरत असत आणि ते तयार करणारी कंपनी लहानशी, कौटुंबिक स्वरूपाची होती. हल्लेखोरांनी तिच्या सर्व्हरमध्ये शिरकाव करून घेतला आणि नेहमीच्या अपडेटच्या वाटेनेच ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ग्राहकांच्या संगणकांत उतरवले. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती, परंतु पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. माहितीचा नाश करणे हाच त्याचा हेतू होता. युक्रेनमध्ये व्यवहार असलेल्या मर्स्क (जहाजवाहतूक), मर्क (औषधे), मॉन्डेलीझ (खाद्यपदार्थ) यांसारख्या मोठ्या कंपन्यांपर्यंत ते पाहता पाहता पोहोचले आणि जगभरातील नुकसान १० अब्ज डॉलरहून अधिक झाल्याचा अंदाज अमेरिकी सरकारच्या वतीने पुढे सांगितला गेला. अमेरिका आणि ब्रिटन यांनी या हल्ल्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले, तर रशियाने आरोप नाकारला.

त्या दिवशी बाधित झालेल्या बहुतेकांवर कोणीही नेम धरलेला नव्हता. ते एका सामाईक सॉफ्टवेअरचे ग्राहक होते, एवढेच कारण त्यांच्या नुकसानीला पुरले. शिवाय आपल्या कार्यालयातून पाठवलेली फाइल अशील विश्वासाने उघडतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचू पाहणाऱ्याला आपले कार्यालय सोयीचे ठरू शकते.

नॉटपेट्या पसरले कसे, हे समजून घेतल्यास काय करायचे तेही कळते. ज्या संगणकांत सुरक्षेची दुरुस्ती बसवलेली नव्हती त्यांत ते थेट शिरले. ज्यांत बसवलेली होती त्यांत, आधी बळी पडलेल्या संगणकाच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा (सर्व अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड उचलून शिरले. म्हणजे एका संगणकातील चूक सगळ्या कार्यालयाला भोवली. म्हणून कराचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालणारे संगणक नेटवर्कच्या उरलेल्या भागापासून वेगळे करावेत, अ‍ॅडमिनच्या खात्यातून रोजचे काम कोणीही करू नये, आणि आपल्या संगणकांत कोणाकोणाचे सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होते याची यादी तयार करावी. नॉटपेट्या अपडेटमधून आले म्हणून अपडेट घेणे बंद करण्याची चूक मात्र करू नये, कारण जुन्या त्रुटींतून होणारे हल्ले आजही फार मोठ्या प्रमाणावर होत असतात.

प्रश्न : मी एका धर्मादाय रुग्णालयाचा विश्वस्त आहे. आमचा बॅकअप रोज रात्री आपोआप घेतला जातो. एवढी काळजी पुरेशी आहे का?

उत्तर : बॅकअप ठेवलेले यंत्र रुग्णालयाच्या नेटवर्कला कायम जोडलेले असेल, तर नाही. अशा वेळी मूळ माहिती पुसणारे मालवेअर बॅकअपही पुसून टाकते. पैशासाठी हल्ला करणाऱ्या टोळीशी निदान बोलणी होऊ शकतात. युद्धात वापरल्या जाणाऱ्या ‘वायपर’ म्हणजे माहिती पुसणाऱ्या मालवेअरचा हेतूच नाश करणे हा असतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, आणि त्याच्या आदल्याच दिवशी ‘हर्मेटिकवायपर’ तेथील संस्थांच्या संगणकांत माहिती नष्ट करू लागले होते. म्हणून युद्धकाळातील तयारी मी एकाच प्रश्नाने तपासतो : सगळे संगणक एकाच वेळी कोरे झाले, तर कशावरून, कोणाच्या हातून आणि किती दिवसांत आपण पुन्हा उभे राहू?

नॉटपेट्याच्या हल्ल्यातील मर्स्कचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. कोणता कर्मचारी कोणत्या यंत्रावर काम करू शकतो हे ठरवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर त्या कंपनीकडे होते आणि ते एकमेकांच्या नकला ठेवत असत. एखादा बंद पडला तर बाकीचे आहेतच, असा तो हिशेब होता. सगळे एकदम नष्ट होतील ही शक्यता त्यात धरलेली नव्हती. सगळे गेले, आणि घानामधील कार्यालयातला एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. त्याच्यातील माहिती विमानाने इंग्लंडला नेऊन तिच्या आधाराने उभारणी सुरू झाली. ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक १० दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

जे तिथे योगायोगाने घडले, ते आपण ठरवून करावे. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असावी आणि एक दुसऱ्या ठिकाणी असावी. बॅकअपच्या खात्याचे पासवर्ड रुग्णालयाच्या नेहमीच्या खात्यांहून वेगळे असावेत. केवळ रुग्णांच्या नोंदींचा बॅकअप घेऊन भागत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याच्या फाइली, परवाने आणि नेटवर्कची मांडणी हेही जपून ठेवावे लागते. यांहून महत्त्वाचे म्हणजे, तीन महिन्यांतून एकदा तरी त्या प्रतीवरून एखाद्या मोकळ्या यंत्रावर काम प्रत्यक्ष सुरू करून पाहावे. ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश रोज येत असतो, आणि गरजेच्या दिवशी फाइल उघडतच नाही. औषधांच्या आणि रक्ततपासणीच्या नोंदी आधी सुरू करायच्या की देयकांच्या, याचा निर्णयही डॉक्टरांना विचारून आजच लिहून ठेवावा.

क्लाउडविषयीही, म्हणजे इंटरनेटवरून वापरल्या जाणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर माहिती ठेवण्याविषयीही, विचार करावा. सरकारी माहिती देशाबाहेरच्या क्लाउडमध्ये ठेवण्याची मुभा युक्रेनने आक्रमणाच्या अवघे काही दिवस आधी दिली. त्यामुळे इमारतींवर क्षेपणास्त्रे पडली तरी नोंदी वाचू शकल्या. एस्टोनियाने तर २०१७ मध्येच लक्झेंबर्गशी करार करून आपल्या महत्त्वाच्या माहितीसाठी तेथे ‘डेटा दूतावास’, म्हणजे परदेशात असूनही आपल्याच अधिकाराखालील माहितीकेंद्र, उभारण्याचे ठरवले होते. रुग्णांच्या माहितीबाबत आपल्याला लागू असलेले नियम आधी तपासून मगच हे पाऊल उचलावे.

प्रश्न : मी पाणीपुरवठा विभागात अभियंता आहे. आमचे पंप संगणकावरून चालतात. आम्ही विशेष काय करावे?

उत्तर : पंप हाताने चालवू शकणारी माणसे जपावीत, ही माझी पहिली विनंती आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांचा ताबा हल्लेखोरांनी दुरून घेतला आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली. या हल्ल्याची सुरुवात काही महिने आधी आलेल्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या ईमेलमधील फाइलपासून झाली होती. तरीही काही तासांतच वीज परत आली, कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी स्विच हाताने जोडले. अशी कौशल्ये जाणणारे लोक निवृत्त होत असतील, तर त्यांच्याकडून पुढच्यांना शिकवण्याची व्यवस्था आधी करावी. कार्यालयाचे नेटवर्क आणि पंपांचे नेटवर्क एकमेकांपासून तोडावे, आणि दुरून देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराची जोडणी गरजेपुरतीच उघडावी.

त्या दिवशी तक्रारीसाठीच्या फोनवरही खोट्या कॉलचा मारा करून ग्राहकांचा संपर्क तोडण्यात आला होता. पुढे १२ डिसेंबर २०२३ रोजी कीवस्टार या युक्रेनमधील मोबाइल कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख मोबाइल ग्राहकांची सेवा कोलमडली आणि काही भागांत हवाई हल्ल्याचे भोंगेही बंद पडले. म्हणून संकटात कोणी कोणाला, कोणत्या दुसऱ्या मार्गाने कळवायचे याचा कागद छापून नियंत्रणकक्षात लावावा. संगणकात ठेवलेली फोनयादी त्या दिवशी उघडणार नाही.

प्रश्न : आमच्या स्वयंसेवी संस्थेत सर्वांना दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनसारख्या उपकरणावरून दुसरी खात्री) सक्तीची केली आहे. आता पासवर्डची चिंता सोडावी का?

उत्तर : सोडू नये. रशियन सरकारशी संबंधित हल्लेखोर २०२१ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेत असे शिरले, की तेथील एक बराच काळ वापरात नसलेले खाते बंद केलेले नव्हते आणि त्याचा पासवर्ड सोपा होता. दुसऱ्या टप्प्यासाठी हल्लेखोरांनी त्या खात्याला स्वतःचेच उपकरण जोडले, आणि प्रणालीने ते स्वीकारले. आज सायंकाळपर्यंत कर्मचाऱ्यांची यादी आणि खात्यांची यादी शेजारी ठेवून जुळवून पाहा, आणि नवे उपकरण जोडण्यासाठी माणसाची मंजुरी आवश्यक करा.

प्रश्न : आमच्या कंपनीतील काही तरुण अभियंते शत्रुराष्ट्राच्या संकेतस्थळांवर उलट हल्ला करू इच्छितात. त्यांची भावना देशप्रेमाची आहे. त्यांना अडवावे का?

उत्तर : होय, प्रेमाने पण ठामपणे अडवावे. कंपनीच्या संगणकावरून असे काही झाले, तर बचावासाठी उभारलेली आपली सगळी यंत्रणा हल्ल्याची जागा म्हणून ओळखली जाईल. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यानुसार, लढाईत थेट सहभागी होणारा नागरिक तेवढ्या काळापुरते नागरिक म्हणून मिळणारे संरक्षण गमावतो. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये अशा नागरी हॅकरांसाठी आठ नियम मांडले. नागरी लक्ष्यांवर हल्ला करू नये, रुग्णालये आणि मदतसंस्था यांना कदापि हात लावू नये, हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. दुरून केलेला हल्ला नेमका कोणाच्या यंत्रावर जाऊन आदळेल हे या तरुणांना सांगता येणार नाही, आणि एखाद्या परक्या दवाखान्याचे पडदे त्यांच्यामुळे काळे पडावेत असे त्यांनाही वाटणार नाही. त्यांच्या उत्साहाला काम हवे असेल, तर शेजारच्या रुग्णालयाचा बॅकअप खरोखर उघडतो का, हे तपासायला त्यांना पाठवा.