.२२ पिस्तूल रेंजवर मध्येच अडकतं, दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

आधी हे करा: नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा, रिकामा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. स्पर्धेतही हाच नियम आहे.

मग आवाज आठवा. नुसता 'टक्' झाला आणि बार उडालाच नाही, तर तसंच धरून किमान 30 सेकंद थांबा. बार उशिरा उडू शकतो. नंतर राउंड (काडतूस) काढून त्याची कड बघा. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला कडेतच असतो. पिनची (काडतुसाच्या कडेवर आदळणाऱ्या टोकाची) खूण खोल असेल तर राउंड खराब, पुसट असेल तर दोष पिन, स्प्रिंग किंवा चेंबरमधल्या (काडतूस बसतं त्या जागेतल्या) मळाचा.

आवाज नेहमीपेक्षा दबका, 'फुस्स' असा आला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते, आणि त्यावर दुसरी झाडली तर नळी फुगते, फुटतेसुद्धा. पिस्तूल रिकामं करून आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. कितीही घाई असली तरी इथे तडजोड नको.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात) उभी अडकत असेल तर बहुधा मेणचट काजळी साचलेली असते, राउंड कमजोर असतो किंवा मनगट सैल पडतं. दोष एखाद्या मॅगझिनचाही (गोळ्या भरायच्या पेटीचाही) असू शकतो, म्हणून प्रत्येक मॅगझिनवर मार्करने 1, 2, 3 लिहा. माझा महिनाभराचा त्रास त्यातूनच उलगडला: प्रत्येक वेळी 2 नंबरच अडकत होतं, त्याचा वरचा ओठ जरासा वाकला होता.