शहरात लाकडाच्या उंच इमारती खरंच बांधता येतात का? आग आणि पाण्याचं काय?

हो, येतात, पण साध्या वाशा-फळ्यांनी नाही. भिंती आणि स्लॅबसाठी सीएलटी वापरतात, म्हणजे फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेली जाड पॅनेल. खांब-तुळया ग्लुलॅमच्या, म्हणजे फळ्या एकाच दिशेत चिकटवून केलेल्या लाकडाच्या. अमेरिकेतल्या मिलवॉकीची 25 मजली 'असेंट' (2022) अशीच आहे, मात्र तिचे खालचे मजले आणि जिना-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे आहेत.

जाड लाकूड जळताना बाहेरून कोळशाचा थर धरतं आणि तोच आतल्या भागाला उष्णतेपासून वाचवतो. हा थर मिनिटाला साधारण 0.65 मिमी आत सरकतो, तासाला सुमारे 40 मिमी. तेवढी जाडी डिझाइनमध्येच जास्तीची धरतात. गडबड होते ती गोंदाने: तो तापून सुटला की जळका थर गळून पडतो, आतलं कोरं लाकूड उघडं पडतं आणि आग पुन्हा भडकते. म्हणून उष्णतेत टिकणाऱ्या गोंदाचीच पॅनेल घ्या. स्टीलचे जोडही आगीपासून वाचावेत म्हणून लाकडाच्या आत दडवा.

माझ्या मते आगीपेक्षा मोठा शत्रू पाणी. पॅनेल सुमारे 12 टक्के ओलाव्याची येतात. 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर कुजायला लागतात. कापलेली टोकं सर्वात जास्त पाणी पितात, ती कारखान्यातच सील करून घ्या. वर फ्लोअरिंग किंवा जिप्सम बोर्ड लावण्याआधी मीटरने ओलावा मोजाच, नाहीतर ओल आत कोंडली जाते.

घनमीटरभर सॉफ्टवुडमध्ये (पाइन, स्प्रूससारख्या झाडांच्या लाकडात) सुमारे 0.9 टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो. पण तोडलेल्या जागी जंगल पुन्हा वाढवलं जात नसेल तर तो हिशोब फसवा ठरतो. एफएससी प्रमाणपत्र (लाकूड जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं असल्याची खूण) बघूनच लाकूड घ्या.