कम्प्युटर क्लबच्या मीटिंगा बाहेरगावच्या मेंबर्सना लाइव्ह दाखवायच्या आहेत, कॅमेरा कोणता घेऊ?

दर महिन्याला वाचनालयाच्या हॉलमध्ये वीसेक जण जमता आणि नोकरीसाठी पुणे, बंगळुरू, जर्मनीला गेलेल्यांनाही त्यात घ्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या सांगलीतल्या क्लबचं हेच काम माझ्याकडे आहे, त्यामुळे आधी एकच सांगतो, कॅमेऱ्याचा विषय सध्या बाजूला ठेवा, जे काय पैसे असतील ते माइकवर घाला. चित्र जरा अंधुक असलं तरी लोक बसून ऐकतात, पण आवाज नीट येत नसेल तर पाच-दहा मिनिटांत एकेक जण गळायला लागतो आणि पुढच्या महिन्यात येतच नाही.

लॅपटॉपचा माइक टेबलावर उघडा ठेवला की त्याला बोलणाऱ्याच्या आधी डोक्यावरचा पंखा ऐकू येतो, मग सरकवलेल्या खुर्च्या, मग बाहेरची रिक्षा. बोलणाऱ्याला साधा कॉलर माइक लावा, हनुवटीपासून वीतभर खाली, आणि त्याच्या बरोब्बर वरचा पंखा तेवढा बंद करा. वायरवाला माइक घेणार असाल तर पिन नीट बघून घ्या. फोनसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. लॅपटॉपला हेडफोन-माइकचं मिळून एकच भोक असेल तर तीन रेघांचीच पिन लागते, नाहीतर लॅपटॉप गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. आणि मागच्या रांगेतून कुणी प्रश्न विचारला की बोलणाऱ्याने तो आधी मोठ्याने परत सांगायचा, मगच उत्तर द्यायचं. ही सवय लागायला वेळ लागतो, पण तिच्याशिवाय घरी बसलेल्या माणसाला नुसती उत्तरंच ऐकू येतात.

आता यूट्यूब की व्हिडिओ कॉल? माझं मत स्पष्ट आहे, मेंबर असतील तर व्हिडिओ कॉल. यूट्यूबवर अल्ट्रा लो लेटन्सी, म्हणजे कमीत कमी उशिराची सेटिंग, लावली तरी चित्र काही सेकंद उशिरा पोचतं, म्हणजे तिकडून कुणी शंका टाईप करेपर्यंत इकडे विषय पुढे गेलेला असतो, आणि तुमचे मेंबर काय मॅच बघायला आलेले नाहीत, त्यांना मधेच तोंड घालून "अरे ती कमांड परत दाखव" म्हणायचं असतं. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांत कॉल तुटतो, गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटांची मर्यादा आहे. आम्ही जित्सी ही फुकट व्हिडिओ कॉलची साइट वापरतो, तिथे असं घड्याळ नाही, २०२३ पासून रूम उघडणाऱ्याला तेवढं लॉगिन करावं लागतं, बाकीचे नुसत्या लिंकवर येतात. यूट्यूब हवंच असेल तर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल, आणि नवीन चॅनलवर लाइव्ह चालू व्हायला २४ तास लागू शकतात म्हणून आदल्या आठवड्यातच फोन नंबर व्हेरिफाय करून टाका. फोनवरून लाइव्ह करायला ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपवरून ती अट नाही.

स्क्रीन आणि बोलणाऱ्याचा चेहरा एकत्र दाखवायला ओबीएस स्टुडिओ घ्या, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. कॉलमध्ये खऱ्या कॅमेऱ्याऐवजी त्याचा व्हर्च्युअल कॅमेरा निवडायचा, म्हणजे हे एकत्र चित्र तिकडे जातं, फक्त त्यातून आवाज जात नाही, माइक कॉलमध्ये वेगळा निवडावा लागतो हे विसरू नका. चित्राची क्वालिटी ७२०पी भरपूर झाली. त्यापेक्षा टर्मिनलचा, म्हणजे कमांड टाईप करायच्या विंडोचा, फॉन्ट मोठा करा, कारण निम्मे लोक फोनवर बघतात. लेझर पॉइंटर तर कपाटातच ठेवा, प्रोजेक्टरच्या पडद्यावरचा तो लाल ठिपका स्क्रीन शेअरमध्ये दिसतच नाही, माउसनेच दाखवायचं.

नेटचं म्हणाल तर डाउनलोड नाही, अपलोड स्पीड मोजा, आणि तोही मीटिंगच्याच वेळेला हॉलमध्ये बसून. यूट्यूबला ७२०पीसाठी ४ एमबीपीएस धरले तर दोन तासांत साडेतीन जीबीच्या वर डेटा जातो, म्हणजे रोजच्या २ जीबीवाल्या पॅकवर हॉटस्पॉट काढलात तर मीटिंग अर्ध्यावर असतानाच स्पीड पडणार. वाचनालयाचं फायबर असेल तर वायफायच्या नादी लागू नका, लॅनची वायर टाका. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्याच, लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण लाइट गेली की पहिला राउटर मरतो.

यंत्रापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एक माणूस ठरवा, ज्याचं त्या संध्याकाळी दुसरं काहीच काम नाही. आमच्याकडे तो पहिल्या रांगेत हेडफोन लावून बसतो, चॅट वाचतो, आणि बाहेरच्या कुणी हात वर केला की बोलणाऱ्याला थांबवतो, अगदी बिनधास्त थांबवतो. टॉक देणाऱ्यालाच चॅट बघायला लावलं तर त्याचं ना धड बोलणं होतं ना धड वाचणं. हॉलमध्ये अजून कुणी त्याच कॉलमध्ये असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नाहीतर आवाज घुमून शिट्टी सुरू होते.

जर्मनीवाल्यांना वेळ कळवताना जपा. इथले संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात साडेबारा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात.

आणि हे एकदा जमलं की बाहेरच्यांना नुसतं बघायला बसवू नका, त्यांच्यातल्याच कुणाला तरी टॉक द्यायला सांगा. रोज सर्व्हर सांभाळणारा आपलाच माणूस तिकडून बोलतोय आणि इथली कॉलेजची पोरं त्याला प्रश्न विचारतायत, यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. त्या दिवशी कॉलचा आवाज हॉलच्या स्पीकरवर काढा, हॉलचा माइक एरवी म्यूट ठेवा, आणि ज्याला विचारायचंय त्याने पुढे येऊन, तेवढ्यापुरता म्यूट काढून, तोच कॉलर माइक हातात धरून बोलायचं.