‘एअरप्लेन!’चा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का?

विमानावरच्या संकटाच्या गंभीर चित्रपटांची टर उडवणारा १९८० चा ‘एअरप्लेन!’ पाहून हसून हसून पुरेवाट झाली, आता १९८२ चा ‘एअरप्लेन २: द सीक्वेल’ पाहू का, तो तेवढाच चांगला आहे का, असं तुम्ही विचारलंय. तेवढा चांगला नाही. तरी पाहा, विल्यम शॅटनरसाठी. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला भाग मी घरी वडिलांबरोबर पाहिला होता. त्यांना इंग्रजी संवाद फारसे कळत नव्हते. पण घाबरून किंचाळणाऱ्या बाईला शांत करायला एकामागोमाग एक प्रवासी थोबाडीत मारायला पुढे येतात, आणि कॅमेरा सरकतो तेव्हा मागे भली मोठी रांग लागलेली दिसते, एकेकाच्या हातात दांडकी, हत्यारं, हे पाहून ते डोळे पुसेपर्यंत हसले. मला तेव्हा वाटलं, विनोदांचा नुसता मारा आहे, म्हणून हसू येतं. तसं नाही, हे कळलं ‘झीरो अवर!’ पाहिल्यावर.

‘झीरो अवर!’ हा १९५७ चा अगदी गंभीर चित्रपट. ‘एअरप्लेन!’ लिहिणारे आणि दिग्दर्शित करणारे जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू तेव्हा रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करायचे आणि टीव्हीवरच्या जाहिरातींची टर उडवता यावी म्हणून रात्री उशिराचे कार्यक्रम टेप करून ठेवायचे. त्यात हा चित्रपट त्यांना सापडला. त्यांनी त्याचे हक्क रीतसर विकत घेतले आणि कथेचा सांगाडा जसाच्या तसा ठेवला. युद्धाच्या आठवणींनी खचलेला वैमानिक, विमानातले मासे खाऊन बेशुद्ध पडलेले चालक, खालून वायरलेसवर सूचना देणारा जुना लष्करी माणूस, सगळं तेच. नायकाचं आडनावही तेच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. विमान चालवता येणारा आणि रात्री मासे न खाल्लेला माणूस शोधायला हवा, हे वाक्य मूळ चित्रपटात पूर्ण गांभीर्याने म्हटलेलं आहे! सिगारेट सोडायला नेमका हाच आठवडा निवडला, हेसुद्धा मूळचंच. ‘एअरप्लेन!’ने ते उचललं आणि सिगारेटवरून दारू, दारूवरून गोळ्या, गोळ्यांवरून डिंक हुंगण्यापर्यंत नेलं.

म्हणजे पहिल्या भागात गोष्ट खरी आहे. विमान उतरेल की नाही ही धाकधूक खरी आहे. निर्मात्यांना यात नावाजलेले विनोदी नट हवे होते, पण हे तिघे अडून बसले. त्यांनी घेतले लेस्ली निल्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्ह्ज, म्हणजे आयुष्यभर पोलीस, कप्तान, गुप्तहेर अशी भारदस्त कामं केलेली माणसं. निल्सन तर १९७२ च्या ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. अशा माणसाने डॉक्टर होऊन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता ‘मला शर्ली म्हणू नका’ म्हणायचं. (शर्ली आणि ‘शुअरली’ यांच्या उच्चारावरचा तो श्लेष मराठीत आणता येत नाही. मी बरेचदा प्रयत्न केला आहे.) एल्मर बर्नस्टाइनचं संगीतसुद्धा खऱ्या संकटपटाला शोभेल असं आहे. आपल्याकडे अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवितेची चाल, तिचे शब्द, तिचे लाडके भाव त्यांनी बारकाईने आत्मसात केले होते. विडंबन करायचं तर मूळ वस्तू अशी हातात पक्की असावी लागते. आणि १९८० च्या प्रेक्षकाच्या डोक्यात विमानांवरच्या संकटांच्या ‘एअरपोर्ट’ मालिकेचे चार चित्रपट ताजे होतेच.

दुसऱ्या भागात नेमकं हेच हरवलं. मूळ तिघांनी तो केलाच नाही. लेखन आणि दिग्दर्शन केन फिंकलमन यांचं आहे. निल्सन नाही, स्टॅक नाही. निल्सन त्या सुमारास त्याच तिघांच्या ‘पोलीस स्क्वाड!’ या टीव्ही मालिकेत काम करत होता. ती सहाच भाग चालली, पण पुढे १९८८ मध्ये तिच्यातून ‘द नेकेड गन’ आला. माझ्या मते ‘एअरप्लेन!’चा खरा वारस तो.

दुसऱ्या भागात नायक-नायिका रॉबर्ट हेज आणि ज्युली हॅगर्टी पुन्हा आहेत, ब्रिजेस आणि ग्रेव्ह्जही आहेत. विमानाऐवजी चंद्रावर प्रवासी नेणारं अवकाशयान आहे. कोलंबिया हे पहिलं शटल १९८१ मध्येच उडालं होतं, त्यामुळे कल्पना वेळेवरची होती. पण चंद्रावर जाणाऱ्या प्रवासी यानावर संकट आलं, असा कुठला गंभीर चित्रपट लोकांच्या मनात होता? नव्हता. मग बिघडलेला संगणक ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या अवकाशपटातून घेतला, बॉम्ब घेऊन चढलेला प्रवासी ‘एअरपोर्ट’मधून घेतला, आणि उरलेलं सगळं खुद्द ‘एअरप्लेन!’मधून. वैमानिकांच्या नावांवरचा शब्दांचा गोंधळ पुन्हा, नायकाचं रडगाणं पुन्हा, नियंत्रणकक्षात ब्रिजेस पुन्हा. विडंबनाचंच विडंबन केल्यावर खाली पाय टेकायला जागा राहत नाही. पहिल्यांदा अनपेक्षित होतं म्हणून हसलो होतो, आता विनोद येताना लांबूनच दिसतो.

काही गोष्टी मात्र मनापासून आवडल्या. यान भरकटलंय, लघुग्रहांचा मारा होतोय, हे प्रवासी शांतपणे ऐकून घेतात आणि कॉफी संपली म्हटल्यावर हाहाकार माजतो. हा विनोद पहिल्या भागात असता तरी शोभला असता.

आणि शॅटनर! चंद्रावरच्या तळाचा प्रमुख म्हणून तो शेवटच्या टप्प्यात येतो आणि चित्रपटात एकदम जीव येतो. दिवे चुकीच्या क्रमाने लुकलुकतायत म्हणून हाताखालच्यांवर संतापतो आणि ते क्रमाने लुकलुकायला लावा असा हुकूम सोडतो, तोही ‘स्टार ट्रेक’ या अवकाशमालिकेत त्याने केलेल्या कप्तान कर्कच्या पूर्ण ऐटीत. पेरिस्कोपमधून पाहतो तर समोरून त्याचंच त्या मालिकेतलं जुनं यान जाताना दिसतं. एवढा वेळ चित्रपटाला जे सापडत नव्हतं ते इथे सापडतं, कारण शॅटनर आपलं स्वतःचं गांभीर्य बरोबर घेऊन आलाय. त्याला कुणाची नक्कल करावी लागत नाही.

तिकीटबारीचंही सांगतो. पहिला सुमारे ३५ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने अमेरिका-कॅनडात ८ कोटींहून जास्त कमावले. दुसऱ्याने तिथे २ कोटी ७० लाखांच्या आसपास.

तुमच्याकडे एकच संध्याकाळ असेल तर दुसरा भाग राहू द्या. ‘झीरो अवर!’ मिळवा, तो जेमतेम ८१ मिनिटांचा आहे, आणि लगेच ‘एअरप्लेन!’ पुन्हा लावा. जेट विमान दिसत असताना पंख्याच्या विमानाची घरघर का ऐकू येते, ते तेव्हा कळेल. या तिघांना जुन्या चित्रपटासारखंच पंख्याचं विमान हवं होतं, स्टुडिओ जेटवर अडला, म्हणून त्यांनी निदान आवाज तरी जुना ठेवला.